कीस

काकूंना चकलीच्या सोऱ्याची एक चकती हवी होती. मूळ मागणी एवढीच, आणि ती २०१९च्या दिवाळीची.

सोऱ्या काकूंच्या आईचा. पितळी, जाडजूड, आणि आजच्या बाजारातली कुठलीही चकती ज्यात बसत नाही असा. त्याच्या चांदणीचे कोपरे झिजून इतके गुळगुळीत झाले होते की चकलीला काटाच येईना. बिनकाट्याची चकली पाहुण्यांपुढे ठेवायची तर ती काय आहे हे आधी सांगावं लागतं. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं टूलरूममध्ये होता ना? एक चकती करून द्या."

काका नुकतेच निवृत्त झाले होते. आकुर्डीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं डाय बसवण्यात गेलेली. त्यांनी चकती हातात घेतली, खिशातून व्हर्निअर काढला (काका व्हर्निअर घेऊन फिरतात, लग्नातसुद्धा), माप घेतलं आणि म्हणाले, "करू. पण हातानं नाही. सीएनसीवर."

महिन्याभरात चौथ्या मजल्यावर एक जुनं, बाकावर बसवायचं मिलिंग मशीन आलं. वजन साठेक किलो. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि उचलणाऱ्या चौघांत मी होतो, हे माझी कंबर अजून विसरलेली नाही. मशीन बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसलं. त्याच संध्याकाळी काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे टेबल सरकवायची हँडलं काढून टाकली. "आता यांचं काय काम? इथे मोटरी बसणार."

हँडलं भंगारात गेली. मोटरी यायच्या आहेत. मधल्या सहा वर्षांत ते मशीन हातानंही चालत नाही आणि कॉम्प्युटरनंही नाही. त्याच्यावर काकूंची जुनी साडी पांघरलेली असते आणि टेबलावर कोरफडीची कुंडी.

काका आळशी आहेत असं कोणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो. ते रोज सकाळी नऊ ते पाच काम करतात. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. काम म्हणजे निवड. दोनशे पानी सात वह्या भरल्या आहेत. पहिल्या वहीत मोटरीवर किती भार येईल याचा हिशोब आहे आणि त्यात टेबल, व्हाइस, जॉब यांच्या वजनाखाली चौथी ओळ आहे, "कुंडी, ओल्या मातीसह, ४ किलो". विषयाचा कीस काढावा तर काकांनी. लोखंडाचा तेवढा निघायचा राहिला आहे.

मी बँकेत कारकून. मला यातलं काही कळत नाही आणि म्हणूनच काकांना मी आवडतो. नेमा २३ हा शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला आणि भाबडेपणानं विचारलं, "तेवीस म्हणजे तेवीस माणसांची ताकद का?" काकांनी चष्मा काढला. "अरे, मोटरीच्या तोंडाचं माप आहे ते. २.३ इंच चौकोन. सतरा म्हणजे १.७, चौतीस म्हणजे ३.४. बनियनचा नंबर सांगितल्यावर माणूस किती पोती उचलतो ते कळतं का तुला?"

मग ताकद कशावरून कळते? इथे काका खुलतात. कटर शंभर किलोच्या जोरानं रेटायचा धरला, बॉलस्क्रूची पिच ५ मिलिमीटर धरली, घर्षणात दहा टक्के गेले धरले, तर लागतात जेमतेम ०.९ न्यूटन-मीटर. नेमा २३मध्ये तीन न्यूटन-मीटरची स्टेपर सहज मिळते. मला वाटलं, संपला विषय. काका दयेनं हसले. ते तीन म्हणजे होल्डिंग टॉर्क, मोटर जागच्या जागी उभी असतानाचा. वेग वाढला की तो उतरत जातो. "लग्नात स्टेजवर फोटोला उभे राहायला तीनशे जण असतात. पंगत वाढायला बोलाव, मग बघ किती उरतात."

हे म्हणजे स्टेपरचं. तिला एका फेऱ्याला दोनशे पावलं असतात, एक पाऊल १.८ अंशांचं. पाच पावलं जा म्हटलं की ती गेली असं आपण धरून चालायचं. वाटेत अडली, दोन पावलं चुकली, तर तिला पत्ता नसतो आणि आपल्यालाही नसतो. सर्व्होच्या पाठीला एन्कोडर असतो, ती कुठे पोचली ते सतत कळवत राहते आणि चुकली तर सुधारून घेते. हे काका मला समजावत होते तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "परवा कोथिंबीर आणायला पाठवलं आणि तुम्ही दोन तासांनी बेअरिंग घेऊन आलात, ती स्टेपर." तेव्हापासून काका बाहेर पडले की काकू दर पंधरा मिनिटांनी फोन करतात. त्याला त्या एन्कोडर म्हणतात.

दोन वर्षं स्टेपर की सर्व्हो यात गेली. सर्व्होची किंमत जास्त, तिचं ट्यूनिंग करावं लागतं आणि ते बिघडलं तर ती जागेवरच थरथरत बसते. पण ४०० वॉटची सर्व्हो आपला १.२७ न्यूटन-मीटर तीन हजार फेऱ्यांपर्यंत सोडत नाही. स्टेपर स्वस्त आणि सोशिक, पण चुकलं तर तोंड उघडणार नाही. २०२१च्या गणपतीत निर्णय जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात काकांना क्लोज्ड लूप स्टेपर कळली. स्टेपरच, पण पाठीला एन्कोडर. झालं. तिसरी वही.

एक मोटर मात्र त्यांनी नमुना म्हणून आणली. साधी स्टेपर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकंजात धरून तिला तारा जोडल्या. ती हळू फिरली तेव्हा गुरगुरली, जोरात फिरली तेव्हा गायली, आणि मधल्या एका विशिष्ट वेगाला रॅकवरचे सगळे स्टीलचे डबे एकदम वाजायला लागले. काका आनंदानं ओरडले, "रेझोनन्स!" खालच्या मजल्यावरून मावशी विचारायला आल्या की तुम्हालाही भूकंप जाणवला का. स्टेपरची आणखी एक खोड अशी की ती नुसती उभी असतानाही प्रवाह ओढत राहते आणि तापते. काकांनी त्यावर नऊ पानं लिहिली. काकूंनी डिसेंबरात विरजणाचं पातेलं तिच्याशेजारी सरकवलं. दही असं काही घट्ट लागलं की त्या हिवाळ्यात मोटर बंद करायला काकांना परवानगी नव्हती. सहा वर्षांतलं प्रकल्पाचं उत्पादन विचाराल तर ते दही.

मोटरीला किती व्होल्ट द्यायचे याचा एक आडाखा आहे. तिचं इंडक्टन्स मिलिहेन्रीत घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३२नं गुणायचं. त्याच्या वर जायचं नाही. २.२५चं मूळ दीड, म्हणजे ४८ व्होल्ट, आणि ४८चा पॉवर सप्लाय तर तयार मिळतो. काकांना हे गणित इतकं आवडलं की ते २.२५वाली मोटर शोधत बुधवार पेठेत तापकीर गल्लीपर्यंत जाऊन आले. दुकानदाराकडे होती अडीचची. मूळ पूर्ण निघत नाही म्हणून ती बाद. ड्रायव्हरचंही तेच. टीबी६६०० स्वस्त, पण स्वस्त आहे हाच काकांचा आक्षेप. डीएम५४२ चांगला, पण तो ५० व्होल्टपर्यंतच चालतो, म्हणजे ४८ दिले की वर दोनच व्होल्ट शिल्लक. "दोन व्होल्टात माणसानं झोपायचं कसं?"

यात खरी गंमत कुठे आहे ती मला डिप्लोमाच्या एका पोरानं दाखवली. स्टेपरच्या एका पावलाचे आठ तुकडे केले तर फेऱ्याला १६०० पावलं होतात, म्हणजे ५च्या पिचवर एक पाऊल तीन मायक्रॉनच्या थोडं वर. काका हा आकडा नातवाचे मार्क सांगावेत तसा सांगतात. पण या जुन्या मशीनचा मूळ स्क्रू अजून बदललेला नाही आणि त्यात दोन दशांश मिलिमीटर प्ले आहे. म्हणजे दोनशे मायक्रॉन. पोरगा म्हणाला, "काका, फाटक्या खिशात नाणी मोजून ठेवायची का?" काका रागावले नाहीत. त्यांनी बॉलस्क्रूसाठी नवी वही सुरू केली.

कंट्रोलरचा अध्याय मी लवकर आटोपतो, कारण तो काकांनी आटोपलेला नाही. माक-थ्री घ्यायचं तर त्याला जुन्या कॉम्प्युटरचा पॅरलल पोर्ट आणि बत्तीस बिटांचं विंडोज लागतं. त्यासाठी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून रविवारी एक आणि बुधवारी एक असे कॉम्प्युटर घरी यायला लागले. पलंगाखाली पाच झाल्यावर काकूंनी सीमा आखली. मग लिनक्ससीएनसी. ते फुकट आहे, उत्तम आहे, पण कॉम्प्युटर वेळेवर ठोका देतो की नाही ते आधी तपासावं लागतं. काकांनी ती चाचणी रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी सहाला माझं दार वाजवलं. चेहरा पडलेला. "तीस हजार!" कसले तीस हजार? "नॅनोसेकंद. एवढा उशीर करतोय ठोका द्यायला." वरून काकूंचा आवाज आला, "गिरणीत दळण टाकायला सांगून चार दिवस झाले."

अर्डुइनोचा तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर चालणारं फुकटातलं ग्रबल, हा मार्ग कोणीही सुचवेल. सेकंदाला तीस हजार पावलं देतं ते. म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटर वेग, आणि काकांच्या टेबलाचा प्रवास वीतभर. पण इतक्या थोड्या पैशात काम होत असेल तर त्यात खोट असलीच पाहिजे, यावर काका ठाम आहेत. मी एकदा त्यांना म्हटलं, "१९५२ साली एमआयटीत पहिलं असं मशीन चाललं ते कागदी फितीला भोकं पाडून आणि कपाटभर व्हॉल्व्ह लावून, हे तुम्हीच सांगितलंत. ते लोक थांबले का?" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांच्याकडे पर्याय नव्हते रे. सुखी माणसं."

आणि हाच माणूस दुसऱ्याचं काम दहा मिनिटांत ठरवतो. ते डिप्लोमाचं पोरगं आणि त्याचे तीन मित्र प्रोजेक्टसाठी आले होते. काकांनी चहा होईपर्यंत वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं की ही मोटर, हा ड्रायव्हर, ४८ व्होल्ट, ग्रबल, आणि लिमिट स्विचची तार मोटरीच्या तारेपासून लांब ओढा. चालू करंटात मोटरीची तार उपटू नका, ड्रायव्हर जाईल. पोरांचं मशीन तीन आठवड्यांत चाललं. त्यांनी पहिली पाटी कोरली ती काकांच्या दाराची. ती पाटी दारावर आहे, आत वह्या आहेत. मी काकूंना विचारलं, हे असं का? त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं साहेबानं आणून ठेवलेल्या मशीनवर काम केलं त्यांनी. कधी कोणी विचारलं नाही, तुम्हाला कुठलं हवं. आता विचारणारेही तेच आणि सांगणारेही तेच. घेऊ दे वेळ." आणि मग, "चकतीचं मात्र बघा म्हणावं."

यंदा दसरा झाला आणि काकूंनी चकतीचं नाव काढलं नाही. फक्त सोऱ्या वरून काढला, चिंच लावून लख्ख घासला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवला. काकांनी विचारलं, हे काय? "मोडीत देते. स्टीलचा आणते. त्यात चकत्या येतात."

त्या रात्री उशिरापर्यंत वरून खर्र खर्र आवाज येत होता. सकाळी मी गेलो. बाल्कनीत काका पाटावर बसलेले, समोर शिकंजात पितळेचा तीन मिलिमीटरचा तुकडा. मधोमध ड्रिलचं भोक, आणि त्याच्या कडेनं काका बारीक कानशीनं चांदणीचं एकेक टोक उतरवत होते. तोंडानं एक शब्द नाही. कानस पुढे जाताना दाबायची, मागे घेताना उचलायची. चौतीस वर्षांत एकदाही चुकली नसेल अशी ती लय. शेवटचं टोक झालं, काकांनी चकती उजेडाकडे धरली, व्हर्निअर लावला. समोरासमोरची टोकं दोन शतांशात. सगळा मिळून अडीच तासांचा खेळ. लेंग्यावर, पाटावर, वॉशिंग मशीनवर आणि कोरफडीच्या पानांवर पिवळाधमक कीस पडला होता.

"झाली की काका!" मी म्हटलं.

"ही तात्पुरती," काका म्हणाले. "खरी मशीनवर होईल. आणि ऐक, आता ड्रायव्हर मोटरीच्या पाठीतच बसवून येतो. वेगळा डबा नको, तारांचं जंजाळ नको. म्हणजे आपण जे ठरवत आणलं होतं ते सगळं पुन्हा पाहावं लागणार."

चकल्या आमच्याकडे आल्या. काटे असे की जिभेला लागावेत. कुंडी पुसून परत टेबलावर गेली आहे, साडीही. आठवी वही काका कालच घेऊन आले, दोनशे पानी.