अडचणीच्या अक्षय्यतेचा नियम
(अर्थात, घरी बांधलेल्या विमानातला दांडा काढून योक बसवण्याविषयी सांगोपांग विवेचन)

1. विषयप्रवेश

जगात काही प्रश्न आपणहून येतात आणि काही माणूस आमंत्रण देऊन बोलावतो. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांवर आयोग नेमले जातात. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र विद्वानांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, एवढाच या प्रबंधाचा हेतू.

अमेरिकेत घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. 1953 साली मिलवॉकीत स्थापन झालेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही त्यांची मातृसंस्था, आणि विस्कॉन्सिनमधले ऑशकॉश हे 1970 पासून त्यांच्या वार्षिक मेळ्याचे ठिकाण. या बिरादरीतला एखादा गृहस्थ वर्षानुवर्षे पत्रे कापतो, रिव्हेट ठोकतो, शेजाऱ्यांची झोप आणि घरच्यांचा संयम संपवतो, विमान पुरे करतो, उडवतो आणि सुखरूप खाली आणतो. इथे गोष्ट संपायला हरकत नसते. पण एके दिवशी कॉकपिटमध्ये बसल्या बसल्या त्याच्या मनात येते, की दोन गुडघ्यांमधून वर आलेला हा दांडा काढून टाकावा आणि मोठ्या विमानांत असतो तसा योक समोरच्या पॅनेलवर बसवावा. त्या क्षणापासून आमच्या अभ्यासाला प्रारंभ होतो.

2. व्याख्या

*दांडा*, म्हणजे कंट्रोल स्टिक, खाली कॉकपिटच्या जमिनीपाशी सांध्यावर बसवलेला असतो आणि कढईत झारा फिरवावा तसा चहूबाजूंनी फिरतो. पुढे ढकलला की शेपटीवरचा इलेव्हेटर खाली वळून विमानाचे नाक झुकते, मागे ओढला की नाक वर येते. डावीकडे नेला की डाव्या पंखाच्या मागच्या कडेवरची एलेरॉन नावाची झडप वर उठते, उजवीकडची खाली जाते आणि विमान डावीकडे कलते.

*योक* म्हणजे पॅनेलमधून बाहेर आलेल्या दांडीवरचे अर्धेमुर्धे चाक. ते पुढेमागे सरकवले की इलेव्हेटर हलतो, फिरवले की एलेरॉन हलतात. शेपटीवरची उभी झडप, म्हणजे रडर, दोन्ही पद्धतींत पायांकडेच असल्यामुळे तिला या वादात मत नाही.

पंखाला मात्र वरच्या टोकाला काय आहे याची काडीमात्र कल्पना नसते. त्याच्यापर्यंत केबल किंवा सळई येते. ती ओढली गेली तर तो वागतो. ही उदासीनता वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण वादी-प्रतिवादी ती हमखास विसरतात.

3. इतिहासखंड

17 डिसेंबर 1903 रोजी ऑर्व्हिल राइट यांनी 12 सेकंदांचे पहिले उड्डाण केले ते पोटावर पालथे पडून. डाव्या हातातल्या तरफेने पुढचा इलेव्हेटर हलवायचा आणि कंबर डावी-उजवीकडे सरकवून पंखांना पीळ द्यायचा, अशी व्यवस्था होती. म्हणजे विमानविद्येच्या पहाटे सगळी अडचण वैमानिकाच्या कंबरेत होती.

ग्लेन कर्टिस यांना हे पटले नाही. त्यांच्या सुरुवातीच्या विमानांत माणूस नीट बसत असे. समोर चाक होते, पण ते फिरवल्यावर रडर वळे. विमान कलवायचे तर खांद्यांभोवतीच्या चौकटीला रेलून अंग झुकवावे लागे. अडचण कंबरेतून खांद्यात गेली. राइट बंधूंनी पुढे तरफा आणल्या, त्याही दोन वेगळ्या रचनांच्या, एक विल्बरच्या पद्धतीची आणि एक ऑर्व्हिलच्या. एकीवर शिकलेल्या माणसाला दुसरीवर बसवणे धोक्याचे असे. सख्ख्या भावांत जिथे एकमत झाले नाही, तिथे इतरांची काय कथा!

फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेलतरी यांनी 1907 च्या सुमारास दांड्याची कल्पना पुढे आणली. 25 जुलै 1909 रोजी लुई ब्लेरियो इंग्लिश खाडी ओलांडून गेले, तेव्हा त्यांच्या हातातल्या दांड्याच्या माथ्यावर छोटेसे चाक होते. हे चाक फिरत नसे, ते नुसते धरण्यासाठी होते. दांडा आणि चाक यांचा समेट घडवणारा हा आद्य प्रयत्न, आणि समेटातला एक पक्ष संपूर्ण शोभेचा, याची नोंद इतिहासकारांनी घ्यावी. लवकरच देपरदुसँ विमानांवर खरोखर फिरणारे, विमान कलवणारे चाक रूढ झाले, आणि तिथपासून मानवजात दोन पंथांत विभागली गेली.

दुसऱ्या महायुद्धात तरी निकाल लागेल अशी अपेक्षा होती. ब्रिटनच्या लाकडी मॉस्किटो विमानाच्या लढाऊ आवृत्तीत दांडा आणि बाँबफेकी आवृत्तीत चाक होते. विमान एकच, स्वभाव दोन. मग लढाऊपणाचे लक्षण दांडा असे म्हणावे, तर अमेरिकेच्या पी-38 लाइटनिंग या लढाऊ विमानात चाक होते. निकाल लागला नाही. युद्ध मात्र संपले.

4. पूर्वपक्ष (योकवाद्यांचे म्हणणे)

योकवादी प्रथम मांडीचा मुद्दा मांडतात. दांडा गुडघ्यांच्या मधली जागा अडवतो. नकाशा, टॅबलेट, डबा, यांपैकी काहीही मांडीवर ठेवले की ते दांड्याच्या मार्गात येते. मध्यमवयीन वैमानिकाचे पोटही येते, पण त्याचा उल्लेख ते करत नाहीत. शिवाय शेजारच्या आसनावर बसणाऱ्या पाहुण्यांच्या पायांमध्ये दुसरा दांडा असतो. तो आपोआप हलत राहतो आणि संभाषणात व्यत्यय आणतो.

दुसरा मुद्दा सवयीचा. बहुतेक लोक उडायला शिकतात ते सेसना 172 सारख्या विमानावर. हे विमान प्रथम 1955 साली उडाले, त्याच्या 44 हजारांहून अधिक प्रती निघाल्या आणि त्यात योक आहे. हात जिथे शिकला तिथेच त्याला राहू द्यावे.

तिसरा मुद्दा उघड बोलला जात नाही, पण तोच खरा आहे: योक असला की विमान ‘खऱ्यासारखे’ दिसते.

5. उत्तरपक्ष (दंडवाद्यांचे म्हणणे)

दंडवादी आकड्यांनी उत्तर देतात. ऑरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या संचांतून बांधलेली 11 हजारांहून अधिक आरव्ही विमाने उडाली, आणि त्या आराखड्यांत दांडाच आहे. चार आसनांच्या कुटुंबवत्सल आरव्ही-10 मध्येसुद्धा. पाहुण्यांच्या मांडीचा एवढा कळवळा असेल तर त्यांच्या बाजूचा दांडा काढून मागे ठेवता येईल अशी सोय अनेकजण करतात. मग एका दांड्यासाठी अख्खी यंत्रणा का बदलायची?

सवयीच्या मुद्द्यावर ते हसतात. योक हातात आला की नवशिका धावपट्टीकडे जाताना तो मोटारीच्या चाकासारखा फिरवत बसतो आणि विमान सरळच जाते, कारण जमिनीवर वळवायचे असते पायांनी. फ्रेड वाइक यांनी 1937 च्या एर्कूपमध्ये ही तक्रारही मिटवली होती. त्यांनी रडरची पेडलच ठेवली नाहीत. चाक फिरवले की एलेरॉन, रडर आणि पुढचे चाक, सगळे एकदम वळे. 1945 साली हे विमान मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विक्रीला ठेवले गेले. म्हणजे योकवाद त्याच्या तार्किक टोकाला नेला की विमान कपड्यांच्या दुकानात पोचते, असा दंडवाद्यांचा निष्कर्ष.

शेवटचा वार गंभीर आहे. सेसनात खुर्ची रुळावर सरकते. खीळ नीट बसली नसेल तर उड्डाणाच्या वेळी खुर्ची मागे घसरते, माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, ती वस्तू योक असते, योक मागे येतो आणि विमानाचे नाक आभाळाकडे जाते. असे अपघात झाले, आणि 1987 साली अमेरिकी हवाई प्रशासनाला या रुळांच्या तपासणीचा हुकूम काढावा लागला.

6. एक देशी परीक्षा

शेजारी-शेजारी आसने असली की योक आणि मागे-पुढे असली की दांडा, असा एक मध्यममार्गी सिद्धांत मांडला जातो. त्याला मोठा आधार एरोन्का कंपनीच्या जोडगोळीचा. महायुद्ध संपता संपता तिने चँप आणि चीफ ही दोन विमाने आणली. सुमारे 80 टक्के भाग समान, पण मागे-पुढे बसण्याच्या चँपमध्ये दांडा आणि शेजारी बसण्याच्या चीफमध्ये योक. याच चीफच्या धर्तीवर हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुष्पक हे फ्लाइंग क्लबांचे विमान केले.

परंतु कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हा सिद्धांत फार दिवस टिकू दिला नाही. गटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या घाटग्यांचे एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 साली उडाले. आसने मागे-पुढे, दांडे दोन. सिद्धांत शाबूत. मग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले किरण हे जेट 1964 साली उडाले. गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी, आणि तरीही दोघांपुढे दांडा! सिद्धांत निकालात निघाला.

7. नियम

आता मूळ नियम मांडण्यास हरकत नाही. *विमानातली एकूण अडचण अक्षय्य असते. ती नष्ट करता येत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येते.*

पडताळा घेऊ. कंबरेतली अडचण खांद्यात गेली, खांद्यातली मांडीवर आली. योकवाद्याने ती मांडीवरून उचलून पॅनेलच्या मागे टाकली. बीचक्राफ्टने 1947 च्या बोनान्झामध्ये एकच योक ठेवला, तोही डावीकडून उजवीकडे उलटवता येणारा. पॅनेलमागची अडचण अर्धी झाली आणि उरलेली अर्धी ‘आता कोण चालवणार’ या प्रश्नात गेली. झेनिथच्या विमानांत दोन आसनांच्या मध्ये एकच दांडा येतो आणि वर त्याला दोन फांद्या फुटतात. तिथे अडचण दोन कोपरांत वाटून घेतलेली आहे. बर्ट रुटान यांनी लाँग-ईझीमध्ये दांडा उजव्या कडेला नेला. ज्याला उजव्या हाताने लिहायचे आहे त्याने काय करायचे ते करावे.

एफ-16 या लढाऊ विमानात बाजूचा दांडा सुरुवातीला हलतच नसे, नुसता दाब ओळखे. वैमानिकांना ते रुचेना, म्हणून त्याला किंचित हलू दिले गेले. एअरबसने 1987 साली उडालेल्या ए320 मध्ये बाजूची छोटी कांडी बसवली. वैमानिकाची मांडी इतकी मोकळी झाली, की समोर घडीचे टेबल आले. अडचण गेली कुठे? संगणकांत. बोइंगने 777 मध्ये संगणक तर घेतलेच, योकही ठेवला. ज्यांना अडचण डोळ्यांसमोर लागते, अशांची ही सोय.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान याच नियमाची मुंबई शाखा आहे. जागेची अडचण गच्चीने सोडवली. 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात विमान लोकांनी पाहिले. नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाच्या परवानगीला 2019 उजाडले. गच्चीवरची अडचण फायलीत उतरली होती.

8. प्रयोगविधी

दांडा काढणे सोपे असते. कठीण आहे ते त्याचे काम दुसऱ्याकडून करवून घेणे. योकची दांडी पॅनेलमधून आत जाते, आणि आत आधीच रेडिओ, उपकरणे आणि वायरींचे रान असते. दांडी अडकता कामा नये म्हणून सरकती बेअरिंगे लागतात. फिरणे आणि सरकणे एकाच वेळी निभवायला युनिव्हर्सल जॉइंट किंवा साखळी आणि दातेरी चक्र लागते. दोन योक असतील तर ते एकमेकांना जोडावे लागतात. पॅनेलचा पत्रा मुळात घड्याळे धरण्यासाठी असतो. आता खुर्चीत बसताना योकला लोंबकळणारा माणूसही त्याने धरायचा, म्हणून त्यालाही बळकटी हवी. दांड्याला असलेले सगळे अडसर योकलाही हवेत, नाहीतर एलेरॉन हद्दीबाहेर जातील. चाक थोडे फिरून विमान फार कलले तर ते बावचळते. फार फिरून थोडे कलले तर वैमानिक घामाघूम होतो. वर रेडिओच्या बटणाची वायर चाकाबरोबर फिरते, म्हणून तिला इतकी ढील द्यावी की ती ताणणार नाही, आणि इतकी नको की गुंतेल.

सर्वांत शेवटी उलट जोडणीची तपासणी, आणि इथे विनोदाला सुट्टी. एलेरॉनच्या केबली उलट जोडल्या गेल्याने माणसे मेली आहेत. योक धरून अंगठे वर करावेत आणि चाक फिरवावे. अंगठे ज्या बाजूला झुकतील, त्या बाजूचा एलेरॉन वर उठला पाहिजे. दुसऱ्या माणसानेही पाहावे, आणि तो माणूस हे सगळे जोडणारा नसावा.

9. धर्मशास्त्र

अमेरिकी कायद्यानुसार घरगुती विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसाने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असावा लागतो. योकबदल या दोन्ही अटी पूर्ण करतो: बांधणाऱ्याचे शिक्षण होते, पाहणाऱ्यांची करमणूक.

वजन, तोल, मजबुती किंवा विश्वासार्हता यांवर लक्षणीय परिणाम करणारा बदल ‘मोठा’ मानतात. सुकाणूची सगळी साखळीच बदलणे लहान आहे असे ठरवायला फार धाडस लागते. मोठा बदल म्हटला की प्रशासनाला कळवायचे आणि विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात न्यायचे: ठरलेल्या हद्दीत, किमान पाच तास, आणि प्रवाशाविना.

10. फलश्रुती

आता हिशेब मांडू. दांडा काढला तो प्रामुख्याने शेजारच्या आसनावरच्या व्यक्तीची मांडी मोकळी व्हावी म्हणून. त्यासाठी पॅनेल फोडले, साखळी बसवली, कित्येक महिने विमान जमिनीवर राहिले. शेवटी मांडी मोकळी झाली, योक चकाकला, आणि कायद्याने त्याच व्यक्तीला उडू दिले नाही. ती हँगरच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसली आहे. विमानातली सगळी अडचण तिच्या मांडीवर आहे: डबा, नकाशा, टॅबलेट आणि बदलून ठेवलेला जुना दांडा.