उरलेल्या मातीची बादली

आमच्या स्टुडिओत चाकासाठी नंबर लागतात, माती मळायच्या टेबलाशी मात्र कुणी फिरकत नाही. कुंभाराच्या घरी माती चाळण्यात, भिजवण्यात, तुडवण्यात अख्खं घर राबतं. इथे ते काम ठरावीक दोघा-तिघांच्या गळ्यात पडतं, आणि बाकीचे ते वाढवून ठेवतात.

फसलेलं भांडं लोक अर्धवट ओलंच बादलीत टाकतात. पूर्ण वाळलेली माती पाण्यात पडली की बुडबुडे सोडत थोड्याच वेळात फुटून तिचा गाळ होतो. अर्धओला गोळा मात्र दिवसचे दिवस तसाच राहतो, बाहेरून बुळबुळीत आणि आत घट्ट. आधी फळीवर खडखडीत वाळवा, मग टाका, एवढंच मागणं आहे. स्पंजचे तुकडे निघतात, ते एक वेळ चालवून घेऊ, पण सुया? त्या बोटात घुसल्यावरच सापडतात.

प्लास्टरच्या कणांचा तर मला मनापासून राग येतो. गाळातलं पाणी ओढून घ्यायला तो प्लास्टरच्या लादीवर पसरतात. उचलताना कुणीतरी लोखंडी पट्टीने खरवडतं आणि कपचा मातीत जातो. भांडं भट्टीतून धडधाकट बाहेर येतं. पुढे कधीतरी तो कण ओलावा पिऊन फुगतो आणि टवका उडवतो. रबराची पट्टी तिथेच टांगलेली असते.

टेबल ओट्याएवढं उंच आहे. माती अंगाच्या भाराने मळायची असते. उंच टेबलावर सगळा ताण मनगटांवर येतो.

एवढं करून भट्टीत भांडं फुटलं की ठपका मळणाऱ्यावर: मातीत हवा राहिली! बहुतेक वेळा हवेचा काही संबंध नसतो. बुड जाड, वाळवायची घाई. 100 अंशांना आतल्या पाण्याची वाफ होते आणि भिंत फोडून बाहेर पडते. भट्टीत ठेवण्याआधी भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं, तर ते अजून ओलं आहे.

आणि कृपा करून कोरडा झाडू मारू नका. त्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते, आणि रोज मातीत असणाऱ्याला त्यातून सिलिकोसिस होऊ शकतो. झाडू उचलून ठेवा आणि दाराशी ओलं फडकं ठेवा, असं मी मालकांना लेखी दिलं आहे.