झाडभाऊ

सकाळी सहाला कडी वाजली की जानेफळच्या आमच्या गल्लीत निम्मे लोक एकदम आजारी पडतात. कुणाची कंबर धरते, कुणाला रात्रीपासून ताप भरतो. एकजण तर आंघोळीला गेले ते तासभर बाहेरच आले नाहीत. दाराशी झाडभाऊ उभे असतात. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात आणखी एक कुदळ. ही दुसरी तुमच्यासाठी.

"पाचच मिनिटं भाऊ. गड्डा तयारच हाय, तुमाले नुसता हात लावायचा."

गड्डा तयार नसतो.

त्यांचं खरं नाव आता मतदारयादीपुरतं उरलंय. जुलैत हातात झाड आणि 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, हातात झाडू, म्हटल्यावर नाव ठेवायला गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही. असा एक माणूस गावोगाव असतो. तो निवृत्त असतो, नाहीतर घरच्यांनी शेतीच्या व्यवहारातून त्याला मानानं बाजूला बसवलेलं असतं. खिशात सुतळी आणि डोळा दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर. आमचे भाऊ लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडे बघत नाहीत, मांडवाच्या बल्ल्यांकडे बघतात. मांडव निघाला की तेवढे खड्डे फुकट! एका वरबापाला त्यांनी अक्षता पडायच्या आत विचारलं होतं, "मांडव कधी काढता?"

मधली काही वर्षं सरकारचा आणि भाऊंचा सूर छान जुळला. 2016 च्या जुलैत राज्यात 2 कोटी झाडं लावायचं ठरलं, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी. आकडा देवांच्या संख्येला टेकला तेव्हा भाऊ भरून पावले. आमच्या रस्त्याकडेचा एक खड्डा या चारही मोहिमांत सहभागी झालेला आहे. पहिल्या साली गुलमोहर, मग कडुनिंब, मग सीताफळ, शेवटी करंज. दर वेळी फोटोत एकाच रोपट्याला हात लावून आठ माणसं. माणसं बदलत गेली, खड्डा तोच. भाऊ त्याला 'आपला अनुभवी खड्डा' म्हणतात.

त्यात 2018 ला गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं राज्यात दुसरं बक्षीस विभागून मिळवलं. "लांबचं नाही, आपल्याच जिल्ह्यातलं गाव हाय," हे वाक्य त्या वर्षी भाऊंनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की सिंदखेडला कुणी सोयरीकसुद्धा करू नये असं वाटायला लागलं.

भिंतीही त्यांनी रंगवून घेतल्या. एका भिंतीवर शाळेच्या पोरांकडून मोर काढला. पंधरा दिवसांत पिसाऱ्यावर एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं. मोराचे पाय तेवढे खालून दिसत होते.

पण भाऊंचं खरं वैर बकरीशी. लोखंडी ट्री गार्ड आले, त्यांवर देणगीदारांची नावं आली, एकेक अक्षर रोपट्याच्या पानापेक्षा मोठं. बकरी दगडावर मागचे पाय रोवून वरून शेंडा खुडून मोकळी. भाऊंनी बकरीवाल्या काकूंना गाठलं. "काकू, पाटी दिसत नाही काय? झाडे लावा, झाडे जगवा!"

"मले दिसते ना," काकू म्हणाल्या. "बकरीले कुठं वाचता येते?"

भाऊंनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी सगळ्या रोपांना शेणकाला फासला. बकऱ्यांनी तोंड फिरवलं. फोटोला येणाऱ्यांनीही.

उन्हाळा मात्र शेणानं हटत नाही. आमचा मेहकर तालुका घाटावरचा. पैनगंगा उगवते आमच्याच जिल्ह्यात, पण मे महिन्यात पाण्याचा विषय निघाला की माणूस आधी घरातल्या हंड्याकडे बघतो, झाडाकडे नाही. भाऊ शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या गोळा करतात, झाकणाला सुईनं भोक पाडून त्यात सुताची वात घालतात आणि बाटली काठीला उलटी बांधतात. थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राहतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा गावाला वाटलं, रोपटी ॲडमिट आहेत.

"भाऊ, पेशंट कसा हाय?"

"दोन सलाईन झाल्या. आज पान हलवलं."

या सलाईनला पाणी आणायचं कुठून? खामगाव-मेहकर एसटी थांबली की भाऊ खिडकीखाली हात पसरतात. प्रवासी सुटे पैसे चाचपतात. "पैसे नको हो. बाटलीत तळाले उरलं असंल तं द्या."

वर्षातून एकदा मात्र उलटं होतं. भाऊंच्या दारात लोक जातात. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरहून आमच्याकडे येते, मग शिर्ला नेमाने, आवार, खामगाव करत शेगावला पोचते. ती यायच्या आधी अख्खं गाव रस्त्यावर. ज्याची कंबर अकरा महिने धरलेली, तोही झाडू घेऊन डांबरावर वाकलेला. आंघोळीचे गृहस्थ तर अंधारातच न्हाऊन हजर! कुदळी पुरत नाहीत.

एकदा मी विचारलंच, "भाऊ, राग नाही येत? हे सगळे महाराजांसाठी येतात, तुमच्यासाठी कुणी येत नाही."

भाऊ सुतळी गुंडाळत होते. "महाराज सालातून एकदा येते, म्हणून सारे लवकर उठते. मी रोजच येतो. मले कोण भेते?"

आजच्या तारखेला चाळीस खड्ड्यांत सतरा झाडं उभी आहेत. भाऊ अठरा सांगतात, कारण अनुभवी खड्ड्यातल्या करंजाला परवा कोंब दिसला म्हणे. मी जाऊन पाहिलं, मला तरी दिसला नाही. तुम्ही कधी खामगाव-मेहकर रस्त्यानं निघालात, तर जानेफळ येईपर्यंत बाटलीत चार घोट राहू द्या. खिडकीखाली हात येईल.