वेळापत्रकी वाचक

एस.टी. स्टँडवर जन्मभर गाड्यांच्या वेळा सांभाळलेल्या माणसाने ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या वाचू नयेत. आमचे कंट्रोलरकाका वाचतात. एक काळ जुना, एक आजचा, मधे पेटीत सापडलेली डायरी, असलं काही वाचनालयात आलं की पहिला नंबर काकांचा. मग दोन दिवसांत गल्लीला सुनावणी.

परवाची कादंबरी थिबा राजाची, म्हणजे इंग्रजांनी आमच्या रत्नागिरीत कैदेत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाची. एका प्रकरणात राजा, दुसऱ्यात पुण्याहून आलेली मुलगी. तिच्या हाती पणजीची डायरी.

"पान चौतीस बघ. सन 1888. राजा राजवाड्याच्या खिडकीतून भाट्याची खाडी बघतोय. अरे, त्याला इथे आणला 1886 मध्ये, वाडा झाला 1910 ला. बावीस वर्षं आधी खिडकी आली कुठून?"

"काका, कादंबरी आहे हो."

"म्हणून अधांतरी उभा करायचा? आणि ही पणजी! 1911 मध्ये रत्नागिरी स्टेशनात उतरते. कोकण रेल्वे पुरी झाली 1998 ला. सत्त्याऐंशी वर्षं बिफोर टाइम! परत जाते ती भर जुलैत, बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या हे शेंबडं पोरही सांगेल."

राजाचं मोठं माणिक इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली त्या धामधुमीत नाहीसं झालं. इंग्रजांच्या कर्नल स्लेडनने नेलं, असं राजघराणं म्हणत राहिलं. लेखकाने ते रत्नागिरीतल्या विहिरीच्या कपारीत घातलंय. काकांना हे साठाव्या पानावर कळलं. पुस्तक साडेचारशे पानांचं.

"दोन काळांच्या दोन गाड्या सोडल्या, बरं. क्रॉसिंग कुठे?"

इथे मात्र काकांना हसता येत नाही. राजाची थोरली मुलगी आणि दारावरचा गोपाळ सावंत यांची लेक टूटू. तिने रत्नागिरीतच संसार केला, मराठीत बोलली, 2000 साली इथेच वारली. मंडालेचा राजवंश आणि आपली गल्ली खरोखर एकत्र आली ती तिच्या घरात. कादंबरीत तिच्या वाट्याला एक ओळ, तीही तळटीपेत. असा ऐवज घरात असताना पुण्याच्या मुलीला बोलवायचं कारण काय?

काकांनी पुस्तक परत केलं, शेवटच्या पानावर पेन्सिलीने 'गाडी रद्द' असा शेरा मारून. दुसरा भाग दिवाळीला येतोय म्हणतात. काकांनी नंबर लावलाय.