होडी तयार, कालव्याचं बघा

ॲमस्टरडॅमला म्हणे दहा-बाराजणांना घेऊन विजेची होडी कालव्यांतून हिंडते. धूर नाही, आवाज नाही. सतराव्या शतकातल्या त्या कालव्यांना २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. लांब कशाला, कोचीतही २०२३ पासून विजेवरची वॉटर मेट्रो धावते. मग आमच्या धावड्यानेच काय घोडं मारलंय? भोकरदन तालुका, जवळ अजिंठ्याचा डोंगर. वारसा तर उशाशीच आहे. फक्त कालवा तेवढा नाही.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. आमच्या जालना जिल्ह्यातून जातोही, पण तिकडे अंबड-घनसावंगीच्या अंगाने. तिथेही आवर्तन सुटलं तरच पाणी. म्हणजे होडीचं वेळापत्रक पाटबंधारे खात्याने लावायचं, आणि टेलच्या गावातल्या प्रवाशांनी तिकीट हातात धरून पुढच्या पाळीची वाट बघायची! बिनआवाजी मोटारीचं कौतुक तर आम्हाला सांगूच नका. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार तशीच गप्प असते. कधी वीज नाही म्हणून, कधी पाणी नाही म्हणून.

तेव्हा पर्यटन खात्याने होडी खुशाल पाठवावी. मात्र सोबत दोन टँकर जोडावेत, आणि ते आधी पाठवावेत.