मिनिटामिनिटाचे पाणी

कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून ज्या शहरात आणावे लागते, त्या बेंगळुरूत गृहसंकुलांच्या पाण्याचा हिशेब मिनिटामिनिटाला ठेवण्याची बुद्धी कोणास व्हावी यात नवल नाही; नवल एवढेच, की तो हिशेब पडद्यावर मांडण्यासाठी, आणि माऊसचे चाक फिरविताच वर्षाचा महिना, महिन्याचा दिवस व दिवसाचा प्रहर व्हावा असे साधन निवडण्यासाठी, आमच्या कचेरीत जेवढ्या मसलती झडल्या, तेवढ्या शहाजीराजांस या शहराची जहागीर देताना आदिलशाही दरबारातही झाल्या नसतील.

तरुणांचा पक्ष डी-थ्रीचा. माइक बोस्टॉक यांनी 2011 साली जगापुढे ठेवलेले हे साधन तयार आलेख देतच नाही. उत्तम विळी, परात आणि पाटा-वरवंटा हाती देऊन ते स्वयंपाकघराबाहेर उभे राहते. "सर, डी-थ्रीत काहीही करता येतं," असे आमचा बेळगावकर अभियंता सांगे, आणि ते 'काहीही' करावयास किती महिने लागतील अशी पृच्छा होताच छताकडे पाही. नॉर्वेच्या टॉरस्टाइन हेन्सी यांनी डोंगरावरील बर्फाची खोली दाखविण्याच्या निमित्ताने आरंभिलेले हायचार्ट्स मला मनापासून आवडले होते. परंतु व्यापारी वापरास परवाना-शुल्क पडते, हे कलम खजिनदारांनी हुडकून काढले आणि चीनच्या बायडूत जन्मलेल्या, फुकट मिळणाऱ्या ई-चार्ट्सची तरफदारी सुरू केली. याच शहरातील झेरोधा या शेअरदलालीच्या पेढीने आपल्या काइट या व्यवहारमंचावर चार्टआयक्यू आणि ट्रेडिंगव्ह्यू अशी दोन्ही साधने ठेवून निवडीचा भार ग्राहकावर सोपविला, ही तोड मला अत्यंत मुत्सद्दीपणाची वाटते. आमच्या तिजोरीस मात्र ती झेपणारी नव्हती.

वस्तुतः खरी अडचण निराळीच होती. मिनिटास एक या हिशेबाने एका मापकाचे वर्षाचे आकडे होतात 5,25,600, आणि पडद्याची रुंदी जेमतेम दोन हजार ठिपक्यांची. एसव्हीजी या रेखाटनाच्या पद्धतीत काढलेल्या प्रत्येक आकृतीची नोंद ब्राउझरला बाळगावी लागते, त्यामुळे तो धापा टाकू लागतो. कॅनव्हास ही दुसरी पद्धत रंग फासून विसरून जाते, म्हणून तरते. तथापि शेकडो आकडे एकाच उभ्या रेघेत कोंबले जाण्याचे संकट दोहोंसही चुकत नाही. सरासरी काढावी, तर रात्री दोन वाजता पाव तास उघडा राहिलेला नळ तिच्यात गडप होतो, आणि तो नळ सापडावा म्हणूनच तर हा सारा खटाटोप! आइसलंडच्या स्वेन स्टाइनार्सन यांनी 2013 च्या प्रबंधात यावर नामी युक्ती सांगितली आहे: आकड्यांचे गट पाडावे, आणि मागील निवडलेल्या बिंदूशी व पुढील गटाच्या सरासरीशी सर्वांत मोठा त्रिकोण करणारा बिंदू तेवढा प्रत्येक गटातून ठेवावा. शिखरे बहुधा शाबूत राहतात. मी हे बैठकीत समजावून सांगितले, तेव्हा साहेब कष्टी होऊन म्हणाले, "पैसे मोजून गोळा केलेले आकडे तुम्ही गाळणार?"

अखेर खजिनदारांचे ई-चार्ट्स बसले. पहिल्याच आठवड्यात एका संकुलाच्या चिटणिसांनी चाक फिरवीत फिरवीत मिनिटापर्यंत मजल मारली, तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडात मध्यरात्री स्नाने चालतात असा शोध लावला आणि तो सूचनाफलकावर लावला. लागलीच असाधारण सभा भरून ठराव झाला, की स्वतःचे बिऱ्हाड मिनिटापर्यंत पाहावे, शेजाऱ्याचे एका दिवसाखाली उतरू नये. विवर्धनास अशी किमान मर्यादा घालण्याची सोय डी-थ्री, हायचार्ट्स आणि ई-चार्ट्स या तिन्हींत आहे. सबब कोणते साधन उत्तम हा प्रश्न पुनश्च उपस्थित झाला असून येत्या शुक्रवारी त्यावर बैठक आहे.