वूफर-स्थापनेचा सोपा विधी

वूफर घ्यायचं मनात आलं की आधी घरात कापूस किती क्विंटल पडून आहे ते बघावं. पुण्या-मुंबईचे जाणकार ही पायरी सांगत नाहीत. ते थेट खोलीची लांबी-रुंदी विचारतात. आमच्या वरवट बकालला खोलीची लांबी-रुंदी दर दिवाळीनंतर बदलते. का, ते योग्य ठिकाणी येईलच. तोवर नवशिक्याने धीर धरावा. या विद्येत पहिले सहा महिने धीर लागतो आणि पुढचे बारा महिने हप्ते.

आधी नावं. आमच्याकडे 'वूफर' म्हणजे सगळा संच: दोन स्पीकर, एक मोठी पेटी, मशीन, रिमोट आणि निळा दिवा. पुस्तकात मात्र वूफर म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, ट्वीटर म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा, सबवूफर म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचा कारभार पाहणारी स्वतंत्र पेटी आणि ॲम्प्लिफायर म्हणजे आमचं मशीन. निळ्या दिव्याला पुस्तकात नाव नाही. दुकानात मात्र बरीचशी किंमत त्याचीच असते.

आता पहिला प्रश्न: हा वूफर ऐकायचा कोणी? खरं सांगायला लाजू नये. दहातले आठ वूफर शेजाऱ्यासाठी घेतले जातात. तुमचंही तसंच असेल तर पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका, सरळ भोंगा घ्या. एक वॅट वीज देऊन एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ही स्पीकरची खरी जात. घरगुती स्पीकर तिथे ८६-८८ वर थांबतो, भोंगा सहज शंभरापार जातो. एका वॅटवर भोंगा जे करतो त्याला घरातल्या पेटीला वीस-तीस वॅट लागतात. म्हणून तर एवढ्याशा मशीनवर सप्ताहातलं कीर्तन शिवारापर्यंत ऐकू येतं आणि तुमचा महागडा संच ओसरीपर्यंतही धड पोचत नाही. तो ओसरीपर्यंत पोचण्यासाठी केलेलाच नाही, ही गोष्ट पैसे दिल्यानंतर कळते.

स्वतःसाठीच घ्यायचा ठरला असेल, तर वॅटच्या आकड्यांपासून सावध. खोक्यावर पुढच्या बाजूला ४००० वॅट लिहिलेलं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरांत पीएमपीओ. मशीन उलटं करून मागची पट्टी वाचा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४० वॅट. म्हणजे ४० वॅट खाऊन हे जनावर ४००० वॅट देतं. पावशेर ढेप खाऊन दोन हंडे दूध देणारी म्हैस बाजारात कोणी दाखवली, तर आपण विकणाऱ्याला बसवून चहा पाजू आणि हळूच म्हशीच्या पोटाखाली बघू. वूफरच्या दुकानात मात्र आपण खिशात हात घालतो. पीएमपीओ मोजायचं कोणतंही ठरलेलं माप नाही. विकणाऱ्याची हिंमत हेच माप. विचारायचा आकडा आरएमएस, म्हणजे मशीन सतत देऊ शकेल ती ताकद. तो दर कानाला २० ते ५० असला तरी दहा बाय बाराच्या खोलीला पुरून उरतो.

'जास्त घेतलेलं बरं' असं वाटत असेल तर हेही ऐका. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पैसे त्या मानाने दहापट लागत नाहीत, पण भांडणं लागतात.

दुकानात ऐकायचं काय? दुकानदार त्याचं ठरलेलं गाणं लावेल. त्यात अशी एक धडधड असते की छातीवरचं बटण हलतं, आणि आपण हरतो. ते गाणं ज्या यंत्रावर बनलं त्याचा मूळ आवाज कोणी ऐकलेला नसतो, त्यामुळे खरं-खोटं ठरवायला काही आधारच उरत नाही. म्हणून आपलं गाणं मोबाइलमध्ये न्यावं, आणि ते भजनाचं असावं. यात भक्तीचा भाग नंतरचा. शेगाव हाकेच्या अंतरावर, गावात भजनी मंडळ. खरा पखवाज आणि खरे टाळ कसे वाजतात हे आमच्या भागातल्या पोरासोरांच्याही कानाला पाठ आहे. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा आवाज गोल येऊन लगेच थांबला तर वूफर चांगला. तो 'धूऽऽम' करत रेंगाळला तर पेटी फुसकी. टाळ लखलखीत वाजावेत; पत्र्यावर वाळू पडल्यासारखे वाजले तर ट्वीटरला दुरून नमस्कार. भीमसेन जोशींचा अभंग लावून मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो का बघा. नाही आला तर त्या खोक्यात गवई आहे, बैठक नाही.

खरेदी खामगाव-अकोल्याला होते. काही हौशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबापर्यंत जातात आणि सुटे भाग आणून घरीच जुळवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण मीही त्याच पंथातला. आमच्या पिढीची दीक्षा एलए ४४४० नावाच्या आयसीवर झाली. बारा व्होल्टवर चालणारी ही चौदा पायांची गोम. दोन्ही बाजू वेगळ्या चालवल्या तर सहा-सहा वॅट, एकत्र बांधल्या तर एकोणीस. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही गात असे. आणि पेटीला प्लाय परवडत नव्हता, म्हणून स्पीकर बसायचा माठाच्या तोंडावर.

माठाला हसू नका. स्पीकरचा कोन पुढे ढकलला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. उघडा स्पीकर टेबलावर ठेवला तर या दोन लाटा कडेवरून वळसा घालून एकमेकींना गाठतात आणि खाऊन टाकतात. खालचे सूर तिथेच मरतात. मागची लाट कोंडून ठेवणं, हेच पेटीचं काम. माठ ते करतो, शिवाय त्याच्या भिंती गोल, म्हणून आत समोरासमोर आदळून घुमत बसायला आवाजाला सरळ वाट मिळत नाही. माझा सहा इंची स्पीकर माठात बसवल्यावर जो बेस आला, तो पुढे कुठल्याच दुकानी पेटीत मला भेटला नाही. अर्थात तेव्हा माझं वय सोळा होतं. आणि तो मे महिना होता. मायने पाणी भरायला माठ शोधला, तेव्हा तो गात होता. त्यानंतरचा आठवडा मी वर्णन करत नाही.

संच घरी आला की मांडणी. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. आमच्याकडे ऐकणारा सतरंजीवर बसतो, म्हणजे ट्वीटर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हवा. प्रत्यक्षात स्पीकर छताला लागून खिळ्यावर असतात आणि त्यांना हार घातलेला असतो. एवढ्या उंचीवर आपण पूर्वजांचे फोटो लावतो. त्यांच्याकडूनही फारसं ऐकू येत नाही.

मोठी पेटी कोपऱ्यात ठेवली की दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. फुगवटा म्हणजे ताकद नव्हे. बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून उभा राहतो, दहा फुटांच्या बाजूला ५६ चा. त्या सुरांवर खोलीत काही जागी भूकंप, तर काही जागी शुकशुकाट. यावर जगभर एकच उपाय सांगतात आणि तो अपमानास्पद आहे. मोठी पेटी तुमच्या बसायच्या जागेवर ठेवायची, बेसचं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे आवाज नेटका वाटेल, तिथे पेटी ठेवायची. मी हे केलं. वय बेचाळीस, टक्कल, चौफेर रांगतो आहे. माय दारात येऊन उभी.

"काय हारपलं रे बापू?"

"बेस पाहून राहिलो, माय."

"पलंगाखाली पाय. कालच झाडलं मी."

पलंगाखाली नव्हता. सापडला तो देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि तिथे पेटी ठेवायची परवानगी मला या जन्मी मिळणार नाही. पेटी सध्या शिवणयंत्राशेजारी आहे. तिथे बेस कमी आहे, पण घर शांत आहे.

यानंतर वर बघा. टिनाचं छप्पर असेल तर तो तुमचा तिसरा स्पीकर. त्याला आरएमएस नाही, आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या हा चौथा. कोणत्या सुराला कोणती ताटली बोलते हे मला आता पाठ झालं आहे. उपाय एकच: ताटल्यांमध्ये जुन्या सुती कापडाच्या घड्या. आणि एप्रिल-मे हे दोन महिने कूलर चालू असताना स्पीकरबद्दल कोणतंही मत बनवू नये.

राहिला घुमारा. सिमेंटच्या भिंती, टाइल्सची फरशी, काचेची शोकेस: टाळी वाजवली की तीनदा ऐकू येते, मग अभंगाचे शब्द एकमेकांच्या पायात अडखळतात. शहरात यासाठी भिंतींना फोमचे चौकोन चिकटवतात. आवाज त्यांच्या छिद्रांमध्ये शिरतो, तिथली हवा घासते आणि आवाजाची ऊब होऊन विरते. वरच्या सुरांना दोन इंच पुरतात. ५० हर्ट्झच्या सुराची लांबी मात्र जवळपास सात मीटर, त्याला नीट गिळायला त्याच्या पावपट जाडी हवी, म्हणजे साडेपाच फूट. एवढ्या जाडीचा फोम मोठ्या स्टुडिओलाही परवडत नाही.

आता पहिल्या वाक्याकडे या. वेचणी झाली, भाव पडलेला आहे, म्हणून कापूस घरात ओतला. अर्धी खोली छातीपर्यंत पांढरी. त्या संध्याकाळी सहज अभंग लावला आणि मी उठून बसलो. घुमारा गेला. टाळ वेगळे, तानपुरा वेगळा, गायकाने घेतलेला श्वास वेगळा. बेससुद्धा शहाण्यासारखा आला आणि गेला. अंगाला खाज सुटली होती, पण असा आवाज मी अकोल्याच्या कुठल्या दुकानातही ऐकलेला नाही. थोडक्यात, भाव जितका पडेल, आवाज तितका सुधारतो. आणि यातली मेख अशी, की कापूस घरात असतो तेव्हा वूफर घ्यायला पैसे नसतात. पैसे येतात तेव्हा कापूस जिनिंगला गेलेला असतो आणि नवा वूफर रिकाम्या खोलीत भांड्यासारखा वाजतो.

एक सूचना गंमत सोडून. तापणारं मशीन आणि कापूस एका खोलीत ठेवू नका. मशीन, बोर्ड, वायरीचे जोड सगळं पलीकडच्या खोलीत, इकडे फक्त स्पीकर, तेही ढिगापासून लांब. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आठ-दहा मीटरपर्यंत चालते. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर घेण्यापेक्षा तेवढ्यात फवारणीचा पंप येतो. लाल खूण लालला, काळी काळ्याला. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध चालतात आणि बेस नाहीसा होतो. खात्री करायची तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना टेकवा, अधिक लालला. कोन पुढे सरकला की बरोबर. मशीनला हवा खेळती ठेवा, त्यावर विणलेला रुमाल घालू नका. पेटीच्या मागच्या भोकाला जाळी मारा, नाहीतर पावसाळ्यात उंदरीण तिथे बाळंत होते. इन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर लाइट गेल्यावर मशीन भुंग्यासारखं गुणगुणतं. तो मशीनचा दोष नाही. अर्थिंग मात्र असू द्या. आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालायचं काम जमिनीनेच करून ठेवलं आहे. त्याच मिठाने पट्टीही लवकर गंजते, तेव्हा दर दोन वर्षांनी उकरून बघा.

शेवटी कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. खासगी संचाचा आवाज आपल्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा फार तर पाचाने वर जाऊ शकतो. यातली अडचण अशी की खालचे सूर भिंत ओलांडतात, वरचे ओलांडत नाहीत. पलीकडच्या काकूंना तुमचा अभंग कधीच ऐकू येत नाही, फक्त धपधप ऐकू येते. तेव्हा त्या चिडल्या तर त्यांना नास्तिक समजू नका.

माझं यंदाचं पीक अजून घरातच आहे. ज्याला ऐकायचं असेल त्याने वरवट बकालला संध्याकाळी यावं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि दहाच्या आत परत जावं. भाव वाढला तर मात्र येऊ नका.